उतरल्याशिवाय जायचं नाही

प्रिय बाळ,

तुझी व्हॉइस नोट तीनदा ऐकली. चार मिनिटांची आहे, त्यातली तीन मिनिटं तू टीमच्या यादीबद्दल बोलतेस, कुणाचं नाव आलं, कुणाचं कसं काय आलं, आणि शेवटी हळूच म्हणतेस की मावशी, युनिव्हर्सिटीच्या जिम्नॅस्टिक्स ट्रायल्सना मी आता जातच नाही, काय उपयोग. मला त्या शेवटच्या मिनिटाबद्दलच बोलायचंय. तू किती छान खेळतेस वगैरे लिहीत बसणार नाही, ते तुलाही माहितीये.

मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून बसलेय आणि तीच सांगणार. व्हॉल्ट, बार, बीम, फ्लोअर, कुठलंही अॅपरेटस असो, डिसमाउंट केल्याशिवाय, म्हणजे शेवटची उडी मारून नीट उतरल्याशिवाय ते सोडायचं नाही. आमचे सर रोज ओरडायचे, पडलीस तर चढ, उरलेलं रूटीन कर, उतर, हात वर कर, पंचांकडे बघ, आणि मग बाहेर जाऊन काय रडायचं ते रड. बीमवरून पडलं की परत चढायला दहा सेकंद मिळतात, बारवरून पडलं की तीस. तुला हे पाठ आहे गं, पण माझ्या त्या दहा सेकंदांचं काय झालं ते तुला माहिती नाही, सांगते पुढे.

आधी मॅगी निकोल्सचं सांगते. सिमोन बाइल्स तुम्हा सगळ्यांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर असते, हिचं नाव तुमच्या हॉलमध्ये किती जणींना माहिती असेल कोण जाणे. मिनेसोटाची मुलगी. २०१५ला ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला अमेरिकेच्या टीमला गोल्ड, त्या टीममध्ये ही, शिवाय फ्लोअरचं ब्राँझ तिचं एकटीचं. म्हणजे रिओ ऑलिंपिकला जाणार हे सगळे धरूनच चालले होते. २०१६च्या एप्रिलमध्ये सरावात व्हॉल्ट मारताना गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, फाटला, ऑपरेशन झालं, आणि तीन महिन्यांत ती सॅन होजेला ऑलिंपिक ट्रायल्सला उभी. ऑल-अराउंडला, म्हणजे चारही अॅपरेटसच्या बेरजेत, सहावी आली. टीम पाच जणींची, राखीव तीन, म्हणजे आठ नावं वाचली गेली आणि त्या आठात सहावी आलेली नव्हती, सातवी आलेली टीममध्ये होती.

आता हे ऐकून तू लगेच म्हणशील, बघ, म्हणजे तिथेपण तेच. नाही बाळा, इथेच माझा तुझ्यावर राग आहे. ऑलिंपिकच्या टीम फायनलला प्रत्येक अॅपरेटसवर तीन जणी खेळतात आणि तिघींचेही मार्क धरतात, एकही सोडून देता येत नाही. त्यामुळे निवड करणारे बेरीज बघतात, बारवर कोण कमी पडतंय, तिथे कोण भरेल. ती यादी तुझ्याबद्दलचं मत नसते, ती एक बेरीज असते. कधीकधी लबाडी असते हे मी नाकारत नाही, मी काही काल जन्मले नाही. पण तुझ्या यादीत लबाडी झाली का बेरीज, हे तुला कळणार नाही, आणि कळलं तरी तुझा बीम तसाच उभा राहणारे.

मॅगी ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत गेली. इथलं, अमेरिकेतलं, कॉलेज जिम्नॅस्टिक्स वेगळंच प्रकरण आहे, थोडं समजून घे. जानेवारी ते एप्रिल, जवळजवळ दर आठवड्याला मीट, म्हणजे स्पर्धा. एका अॅपरेटसवर सहा जणी खेळतात, पाच धरतात. आणि मार्क अजून १० पैकीच, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २००६पासून नवी पद्धत आली तरी इथे अजून 'परफेक्ट टेन' आहे. त्यामुळे अवघड काहीतरी करून टाकलं असं चालत नाही, साधं केलेलं पण गुळगुळीत लागतं, पायाची बोटं, लँडिंगला पाऊल हललं की गेले मार्क, आणि पडलं तर अर्धा पॉइंट. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने हे चार सीझन करायचं म्हणजे काय ते तुझा घोटा तुला सांगेल.

तिने काय केलं बघ. पहिल्या वर्षी, २०१७ला, टीम नॅशनल चॅम्पियन. २०१८ला ती स्वतः ऑल-अराउंड चॅम्पियन, आणि टीम मात्र फायनलला यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीकडून ०.०३७५ने हरली. पॉइंट शून्य तीन. एका पोरीचा एक गुडघा जरा वाकला की एवढं जातं. २०१९ला परत ऑल-अराउंड तिचं आणि टीमचंही टायटल. चारही अॅपरेटसवर १०, आणि असा चार दहांचा सेट दोनदा पूर्ण करणारी ती पहिली.

मी डॅलसजवळ राहते, ओक्लाहोमावाल्यांचं नॉर्मन आमच्याकडून गाडीने तीन तास. एका शनिवारी ऑफिसचं काम तसंच टाकून मी गेले होते. वरच्या रांगेत बसले होते तरी मला तिचे हात दिसत होते. बीमवर चढायच्या आधी ती नुसती उभी, तळहात मांडीला एकदा पुसले, मान वर. आणि सगळं झाल्यावर उतरली तेव्हा मॅटवर जो आवाज येतो ना, धप्प, एकच, दोन नाही, तो आवाज आला आणि मला माझ्या शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरावासा वाटला. चाळिशी उलटलेली बाई मी, रडत होते. कारण तो आवाज मी माझा कधी ऐकला नाही.

आता माझं.

१९९४ला आमची निवड चाचणी होती, मी बारावीत. घरी मी सांगितलं होतं की गुडघा दुखावला म्हणून नाव गेलं. तुझ्या आईलाही हेच माहितीये. खरं असं की मी बीमवर टर्न घेताना पडले. तिसरंच एलिमेंट, अर्ध्याहून जास्त रूटीन बाकी होतं. सर बाजूने म्हणाले, चढ. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, चढ. मी मॅटवर उभी, हाताला चॉक, बीम छातीला टेकलेला, आणि मला समोर टेबलावर पंच काहीतरी लिहिताना दिसले आणि वाटलं, झालं, गेलं, आता चढून काय उपयोग. हेच शब्द, तुझेच. दहा सेकंद गेले. मी वळून बॅग उचलली आणि चेंजिंग रूममध्ये गेले, तिथून बस पकडून घरी. परत त्या हॉलमध्ये कधी गेले नाही, सरांना भेटायलाही नाही, आणि आता ते नाहीत.

तेव्हाची परिस्थितीही होती गं, ते नाकारू नये. बाबांची नोकरी डळमळीत, बारावीचं वर्ष, क्लासची फी, संध्याकाळी दोन बस बदलून हॉल गाठायचा, आई म्हणायची पुरे झालं आता उड्या मारणं. सोडायला लागलंच असतं, आज नाही तर सहा महिन्यांनी. इंजिनिअरिंग केलं, चांगली नोकरी लागली, भावाचं शिक्षण झालं त्याच्यात, मी काही वाया गेले नाही. कुणी मला म्हणालं की सोडलंस ते चुकलं तर मी भांडेन. सोडणं चुकलं नाहीच. चढले नाही ते चुकलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तीस वर्षं मी लोकांना त्या एकच आहेत असं सांगत आले.

म्हणून मी तुला खेळ चालू ठेव असं म्हणतच नाहीये. नीट ऐक. सीए करायचंय, कर. खेळ सोडायचाय, सोड. पण ट्रायल्स पाच आठवड्यांवर आहेत, तुझं रूटीन तयार आहे, तुझं नाव कॉलेजने पाठवलंय. ते रूटीन कर, उतर, हात वर कर, आणि मग सोड. यादीने तुला सोडवलं असं नको.

घरात 'उपयोग' हवाच असेल तर बाबांना सांग की सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, कुठली स्पर्धा आणि कितवा नंबर चालतो त्या अटी त्यांनी स्वतः वाचाव्यात, ते नीट वाचतील. दीपा कर्माकरचंही सांग त्यांना, रिओत व्हॉल्टला चौथी, आणि परत आल्या आल्या एमएच्या परीक्षेला बसली. खेळ आणि परीक्षा यांचं भांडण घरातले लावतात.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मी अर्धवट लिहिणार नाही. २०१५ला मॅगीने टीमच्या डॉक्टरबद्दल तक्रार केली होती, तो डॉक्टर पुढे तुरुंगात गेला, शेकडो मुली बोलल्या. बरीच वर्षं कागदोपत्री तिचं नाव नव्हतं, नुसतं 'अॅथलीट ए'. जानेवारी २०१८ला ती स्वतःच्या नावाने पुढे आली आणि त्याच सीझनला एप्रिलमध्ये चॅम्पियन झाली. तर माझा नियम तिथे लागू नाही. हॉलमध्ये, कॅम्पला, फिजिओकडे, कुणाचा हात नको तिथे गेला, कुणी नको ते बोललं, तर रूटीन अर्धं टाकून निघायचं आणि मोठ्याने बोलायचं. आईला, मला, पोलिसांना. रात्री तीनला फोन कर.

आणि मॅगीचा शेवट तुला सांगितलाच पाहिजे, कारण तू शोधशीलच आणि म्हणशील मावशीने लपवलं. शेवटच्या वर्षी, १२ मार्च २०२०ला, कोविडमुळे उरलेला सगळा सीझन रद्द झाला. नॅशनल्स नाही, काही नाही. वसंतातल्या, म्हणजे स्प्रिंग सीझनच्या, खेळांच्या मुलांना एक वर्ष वाढवून मिळालं, कॉलेजात जिम्नॅस्टिक्स हिवाळी सीझनमध्ये येतं म्हणून यांना तेही नाही. तिचं कॉलेजचं करिअर एका घोषणेवर संपलं. मी खूप विचार केला ह्याचा. माझ्याच नियमाला ही पोरगी बसत नाही, तिलाही शेवटचं उतरू दिलं नाही. पण मला वाटतं तिला रात्री दोनला उठून तो बीम दिसत नसेल. तिच्याकडून कुणीतरी काढून घेतलं, तिने मॅटवर उभं राहून दहा सेकंद वाया घालवले नाहीत. मला दिसतो गं. अजून दिसतो, अजून तो छातीला टेकलेला असतो.

बरं. घोट्याचा एमआरआय झाला का ते आधी कळव, टाळू नकोस, रिपोर्टचा फोटो पाठव, इथे ओळखीच्या ऑर्थोला दाखवते. डॉक्टर नाही म्हणाले तर फ्लोअर आणि व्हॉल्ट राहू दे, फक्त बार आणि बीम कर, बीमवर डिसमाउंट सोपा कर, राउंड-ऑफ घेऊन साधी उडी मारलीस तरी चालेल. मार्क कमी मिळाले तर मिळाले. आईला सांग ट्रायलच्या दिवशी बीमचा व्हिडिओ काढ, मधे कट करू नको, पडलीस तरी चालू ठेव, आणि शेवटी लगेच कॅमेरा खाली घेऊ नको, तू हात वर केलेले मला दिसले पाहिजेत. रविवारी तुझ्या सकाळी फोन करते, उठलेली अस.

तुझी
मावशी