गरोदरपणातला रक्तदाब: आकडा उतरला म्हणजे गोळी थांबवायची का?

प्रश्न : मी पहिलटकरीण आहे आणि मला एकतिसावा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीत रक्तदाब १४८/९४ निघाला, चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही १४४/९२ होता. लघवीत प्रथिने नाहीत. लॅबेटालॉलच्या गोळीने आठ दिवसांत तो १२८/८२ वर आला. आता गोळी थांबवावी का? ती संपल्यास सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन, चालेल का? त्यांनी माझे मीठ बंद केले असून मला पलंगावरून उठू देत नाहीत. पुढच्या महिन्यात बाळंतपणासाठी कळवणला माहेरी जायचे आहे. – एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : टेल्मिसार्टन अजिबात घेऊ नका. ती आणि रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या एरवी चांगल्या असल्या, तरी गरोदरपणात त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते आणि गर्भजल कमी होते. म्हणून स्वतःची गोळी संपण्याआधीच आणून ठेवावी.

१२८/८२ हा आकडा गोळीमुळे आला आहे. विसाव्या आठवड्यानंतर वाढणाऱ्या रक्तदाबाचे मूळ बहुधा वारेत (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात) असते आणि गोळी ते मूळ काढत नाही. ती फक्त रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू देत नाही. आज लघवीत प्रथिने नसली, तरी काही जणींना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाबरोबर मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवरही परिणाम करणारा गरोदरपणातला आजार, होतो. तेव्हा गोळी चालू ठेवूनच लघवी, प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि बाळाची वाढ पाहणारी सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या वेळी करावी.

सासूबाईंची काळजी खरी आहे, उपाय मात्र चुकला आहे. मीठ तोडल्याने या आजाराला आळा बसत नाही. नेहमीचे जेवण जेवावे, लोणचे, पापड आणि फरसाण तेवढे बेताने. (मिसळीचा मोह नाशिककरांना आवरत नाही, हे मान्य आहे.) सक्तीने पडून राहण्याचाही लाभ सिद्ध झालेला नाही, उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर घरातली हलकी कामे आणि थोडे चालणे चालू द्या.

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा व वहीत लिहावा. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही जाणवल्यास आकडा बरा असला तरीही जावे.

माहेरी जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. तिथे रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात बाळाची सोय कुठे मिळते, हे नक्की केल्याशिवाय निघू नका. तशी सोय हाताशी नसेल, तर बाळंतपण नाशिकलाच करून आईला इकडे बोलावणे मला अधिक योग्य वाटते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रक्तदाब पुन्हा चढू शकतो, आणि त्या दिवसांतली डोकेदुखी घरात 'बाळंतिणीला जागरण झाले' म्हणून सोडून दिली जाते. तसे होऊ देऊ नका. त्या दिवसांतही रक्तदाब रोज मोजा आणि गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा.