करकायदा घ्यायचा, की तो सीएंसाठी सोडायचा?

प्रश्न : मी पाच वर्षांच्या एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. बारावी कला शाखेतून केली. करकायद्याचा सक्तीचा पेपर अनपेक्षितपणे आवडला आणि आता ऐच्छिक विषयांत तोच गट घ्यावासा वाटतो. पण गणित कच्चं आहे. बाबा म्हणतात, टॅक्स हे सीएंचं काम, वकिलाला तिथे कोण विचारतो? आठवड्याभरात फॉर्म भरायचा आहे. काय करू?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

विषय आवडला हे तू एका ओळीत उरकलंस आणि शंकांनी पत्र भरलंस. माझ्या लेखी ती एक ओळ जास्त मोलाची आहे. तरी आधी बाबांचं म्हणणं घेऊ, कारण ते निम्मं बरोबर आहे.

विवरणपत्रं, टीडीएस, लेखापरीक्षण ही कामं सीएंचीच. वाद प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेला तरी तिथे सीए बाजू मांडू शकतात, आणि त्यांच्यातले कित्येक फार उत्तम मांडतात. तेव्हा तिथवर तुला स्पर्धा आहे. पण त्यापुढची पायरी उच्च न्यायालयाची. तिथे अपील दाखल करून घेतलं जातं ते कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. व्यवहार झाला का, रक्कम किती, हे सहसा खालीच ठरलेलं असतं. वरच्या कोर्टात भांडण उरतं ते कलमाच्या अर्थाचं, आणि तिथे उभं राहायला वकिलीची सनद लागते.

शिवाय वकिलाचं काम उच्च न्यायालयापासूनच सुरू होतं असंही नाही. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असं राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. म्हणून नोटीस हातात आली की आकड्यांच्या आधी पाहायचं ते हे : कोणत्या कलमाखाली निघाली, मुदतीत निघाली का, काढणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, पक्षकाराला म्हणणं मांडायची संधी मिळाली का. तू घटना आणि प्रशासकीय कायदा शिकली आहेस ना? तोच इथे रोज वापरात असतो.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. शुद्ध खोबरेल तेल लहान बाटल्यांतून विकलं जातं. ते खाद्यतेल मानायचं की केसांचं तेल? उत्पादन शुल्काच्या दरपत्रकात दोन्हींच्या नोंदी वेगळ्या, त्यामुळे कराचा बोजाही वेगळा. विभागाचं म्हणणं होतं की लहान बाटली लोक केसांसाठीच घेतात. उत्पादकांचं म्हणणं, तेल खाण्यायोग्य आहे आणि बाटलीच्या आकाराने ते बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, प्रकरण तिघांपुढे गेलं आणि निकाल लागला डिसेंबर २०२४ मध्ये. केवळ बाटली लहान म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही. वेष्टनावर, लेबलवर ते केसांसाठी आहे असं दाखवून विकलं असेल तर गोष्ट वेगळी, असा त्याचा सारांश. या वादात गणित कुठे आहे? आहे ते दरपत्रकातल्या नोंदींचं, त्यांच्या टिपांचं आणि लेबलवरच्या मजकुराचं बारकाईने वाचन. कला शाखेची मुलगी याला घाबरणार असेल तर मला वाईट वाटेल. प्राप्तिकराच्या क्षेत्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला ते वकील नानी पालखीवाला इंग्रजी साहित्याचे एमए होते.

मात्र गणित आणि हिशेब यांत गल्लत करू नकोस. गणित इथे टक्केवारीपलीकडे फारसं लागत नाही. हिशेब लागतो. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, घसारा, तरतूद म्हणजे काय हे कळल्याशिवाय तुला पक्षकाराचे कागद वाचता येणार नाहीत, आणि समोरचा सीए हे पाच मिनिटांत ओळखेल. वाणिज्य शाखेची अकरावी-बारावीची पुस्तकं आण आणि या सुट्टीत उदाहरणं सोडवत संपव. यात सवलत नाही.

वेळेच्या दृष्टीने तू चांगल्या वळणावर आहेस. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा आहे. त्यात ५३६ कलमं आहेत आणि 'मागील वर्ष' व 'कर निर्धारण वर्ष' या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' आहे. नव्या कलमांचा क्रम मुरलेल्या वकिलांनाही नव्यानेच शिकावा लागतो. पण आधीच्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्याखालीच चालणार, त्यामुळे जुना कायदा टाकून देऊ नकोस. जीएसटी तर १ जुलै २०१७ पासूनचा. त्यातल्या कितीतरी प्रश्नांवर अजून पक्का निकाल नाही.

अडचणही सांगते. हा विषय स्थिर राहत नाही. दर अर्थसंकल्पात दुरुस्त्या, वर्षभर अधिसूचना आणि परिपत्रकं. कधी निकालच कायदा बदलून पुसला जातो : व्होडाफोन या दूरसंचार कंपनीकडे केलेल्या कराच्या मागणीवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला, त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी दुरुस्ती केली, आणि २०२१ मध्ये ती मागणी सोडून देणारा कायदाही संसदेनेच केला. सतत वाचायचा कंटाळा असेल तर हा गट घेऊ नकोस. सुरुवातीची काही वर्षं सिनियरच्या चेंबरमध्ये कागद लावण्यात आणि तारखांचे तक्ते करण्यात जातात, हेही धरून चाल.

फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी कर. खोबरेल तेलाचा तो निकाल मुळातून वाच, सारांश नको. आणि एक सकाळ न्यायाधिकरणात बसून ये. सुनावणी खुली असते, मुंबई, पुणे, नागपूर इथे खंडपीठं आहेत. सगळं कळणार नाही, पण एखादं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला 'परंतु...' असा अपवाद, कसं लावायचं यावर दोघं भांडत असताना तू पुढे सरकून ऐकतेस का, ते बघ. ऐकलंस, तर गट घे.

मग इंटर्नशिपसाठी अर्ज करताना 'टॅक्समध्ये रस आहे' एवढंच लिहू नकोस. वाचलेल्या निकालावर तुझं स्वतःचं एक पानी टिपण जोड : वाद काय, दोन्ही बाजू काय, आणि तुला कोणती पटली व का. आणि ते टिपण आधी बाबांना वाचायला दे.