सी अर्चिनचा जांभळा रंग खाण्यातून येतो की तो स्वतः बनवतो?

तुम्ही विचारलंय की फ्लेमिंगो जसा खाण्यातून गुलाबी होतो, तसा सी अर्चिन हा समुद्रातला काटेरी, गोल कवचाचा प्राणीही शेवाळ खाऊन जांभळा होतो का. कवचाचा आणि काट्यांचा जांभळा रंग तो स्वतः बनवतो. पोटातल्या ग्रंथींचा नारिंगी रंग मात्र खाण्यातून येतो.

एमएस्सीला असताना सरांनी मला मेलेल्या सी अर्चिनचे दोन-तीन काटे परीक्षानळीत टाकून वरून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडायला लावलं. शहाबादी फरशीवर ॲसिड सांडल्यावर उठतो तसाच फेस उठला. काटे झिजत झिजत दिसेनासे झाले आणि नळीत लालसर पाणी उरलं. ईथर हा पाण्यात न मिसळणारा द्रव ओतून हलवलं तर रंग वरच्या ईथरच्या थरात चढला. तो काट्याला वरून फासलेला नसतो, काट्याच्या चुन्यात आतपर्यंत मुरलेला असतो, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

हे रंग म्हणजे स्पायनोक्रोम आणि एकायनोक्रोम. दोन्ही नॅफ्थोक्विनोन नावाच्या रसायनांच्या कुळातले. मेंदीने हात रंगवणारं लॉसोनही याच कुळातलं, फक्त मेंदीचं झाड ते वेगळ्या वाटेने बनवतं. सी अर्चिनची पेशी दोन-दोन कार्बनचे ॲसिटेटचे तुकडे एकापुढे एक ओवत जाते, माळ वळून तिची कडी होते आणि मग तिच्यावर ऑक्सिजन चढतात. एकायनोक्रोम-ए मध्ये असे १२ कार्बन आहेत. ओवण्याचं काम पॉलिकेटाइड सिंथेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. याच जातीच्या विकरांनी जिवाणू एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं बनवतात.

खाण्याचा इथे संबंध नाही, हे पिल्लाकडे पाहिलं की पटतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जांभळ्या सी अर्चिनची अळी काचेसारखी पारदर्शक असते आणि तिच्या अंगावर याच एकायनोक्रोमचे लाल ठिपके असतात. हे ठिपके तिला तोंड फुटण्याआधीच उमटू लागतात! २००३ साली कॅलटेक या अमेरिकेतल्या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी या रंगपेशींची जनुकं शोधून काढली. त्यातलं पॉलिकेटाइड सिंथेजचं जनुक दाबलं की ठिपके येतच नाहीत, अळी बिनरंगाची राहते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? १८८५ साली इंग्लंडमधल्या मॅकमन या डॉक्टरांनी सी अर्चिनच्या अंगातल्या द्रवात एकायनोक्रोम पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं की आपल्या हिमोग्लोबिनसारखं हेही श्वसनाच्या कामी येत असावं. तसं नाही निघालं. त्या द्रवात लाल कणांनी गच्च भरलेल्या पेशी फिरत असतात. कवचाला कुठे जखम झाली की त्या तिथे धावतात आणि जखमेभोवती गडद लाल-जांभळं कडं दिसू लागतं. या पेशींतून सुटलेलं एकायनोक्रोम जिवाणूंना मारतं. म्हणून मला या रंगाला नुसती शोभा म्हणवत नाही. तो त्या प्राण्याचा औषधाचा डबा आहे, आणि औषध घरीच घोटलेलं आहे.

आता नारिंगीबद्दल. जपानमध्ये 'उनी' म्हणून जे खातात, त्या सी अर्चिनच्या जननग्रंथी. त्यांचा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुळातल्या रंगद्रव्यांचा, आणि ते सी अर्चिनला मुळापासून बनवता येत नाही. शेवाळातलं बीटा-कॅरोटीन घेऊन सी अर्चिन त्याचं एकायनेनोन हे नारिंगी रंगद्रव्य करतो, म्हणजे कच्चा माल बाहेरचा, शेवटचा हात घरचा. तारामाशातही खाण्यातून आलेली कॅरोटिनॉइड असतात, आणि ती प्रथिनाला चिकटली की निळीजांभळी दिसू शकतात. शेवंड शिजल्यावर लाल होतो तो याचमुळे: उष्णतेने प्रथिन उकलतं आणि दबलेला लाल रंग मोकळा होतो.

म्हणजे फ्लेमिंगोची तुमची तुलना पोटातल्या ग्रंथींना बरोबर लागू पडते. सी अर्चिन पाळणारे त्यांना कॅरोटिनॉइड नसलेलं खाद्य देत राहिले तर या ग्रंथी फिक्या पडतात आणि बाजारात त्यांना भाव येत नाही. म्हणून खाद्यात मुद्दाम शेवाळ किंवा कॅरोटीन घालावं लागतं.