बाजारभाव गोळा करतोयस, तर एचटीएमएल जपून उघड

लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव वेगवेगळ्या पानांवरून गोळा करून एका जागी दाखवायचे, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. फक्त एक गोष्ट आत्ताच बदल, राजा. बाहेरून आलेलं एचटीएमएल (वेबपान ज्यात लिहितात तो मजकूर) तू थेट जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या डॉलरच्या कंसात, म्हणजे $( ) मध्ये, टाकतोयस. तिथे त्याचे पानाचे घटक बनतात आणि आत लपलेला परका कोडही चालू शकतो.

"कोड ज्यात असतो तो स्क्रिप्ट टॅग मी काढलाय की," म्हणालास. धोका तेवढ्यातच नसतो रे. इनरएचटीएमएलमधून (घटकाच्या आत थेट एचटीएमएल लिहायची सोय) आलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर तसाही चालवत नाही. पण खोटा पत्ता दिलेला इमेज टॅग असला आणि त्याला ऑनएरर (चूक झाली की चालणारा कोड) लावलेलं असलं, की चित्र सापडत नाही आणि तिथला कोड चालतो. परभणीच्या एका दुकानाचं काम करताना मी हेच करून बसलो होतो. घटक पानात जोडलाही नव्हता, नुसता तयार केला होता, तरी अलर्टची खिडकी समोर उभी! त्या रात्री डोळा लागला नाही.

एचटीएमएलचे घटक बनवून देणारं जेक्वेरीचं पार्सएचटीएमएल स्क्रिप्ट गाळतं, ऑनएरर गाळत नाही. 3.0 पासून ते घटक वेगळ्या दस्तऐवजात बनवतं खरं, पण तो तुकडा पानात जोडलास की पुन्हा तेच.

तुला फक्त भाव वाचायचेत ना? मग ब्राउझरमधलाच डीओएमपार्सर घे, तो एचटीएमएल वेगळ्या दस्तऐवजात उलगडतो. त्याच्या दस्तऐवजात स्क्रिप्ट चालत नाहीत, चित्रंही उतरत नाहीत. आकडा काढ, टेक्स्टकंटेंटनं, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, लिही. मजकूर सजावटीसकट हवाच असेल तर धोकादायक भाग काढणाऱ्या डीओएमप्युरिफाय लायब्ररीमधून गाळून घे. गाळण्यासाठी स्वतःचा रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र) लिहायच्या भानगडीत पडू नकोस. आणि सर्व्हरवर जेएसडॉम (ब्राउझरशिवाय पान उलगडणारी लायब्ररी) वापरलंस, तर त्यातल्या रनस्क्रिप्ट्स या पर्यायाला 'डेंजरसली' कधीच देऊ नकोस, नाहीतर पानातला कोड तिथे चालेल.