अमेरिकेत ॲप डाउनलोड करण्याआधी वय तपासायचा कायदा नेमका कोणाला हवा आहे?

पालकांच्या संघटनांना हवा आहेच, पण इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटालाही हवा आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. मार्च २०२५ मध्ये युटा राज्याने असा पहिला कायदा केला, पाठोपाठ टेक्सासने. वय तपासायचं ॲप स्टोअरने, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर प्रत्येक डाउनलोडला पालकांची परवानगी. म्हणजे इन्स्टाग्रामची जबाबदारी ॲपल-गूगलच्या गळ्यात. ॲपल म्हणतं, साधं हवामानाचं ॲप घ्यायलाही सगळ्यांना वय सिद्ध करावं लागेल. ॲपलचे प्रमुख या नात्याने टिम कुक यांनी टेक्सासच्या गव्हर्नरांना स्वतः फोन केला, तरी कायद्यावर सही झालीच. मला ॲपलचा मुद्दा पटतो. मुलांना खरा धोका फीडमध्ये काय दिसतं त्याचा आहे, आणि ते मेटाच ठरवतं.