डी-३ भरपूर आहे, तरी हाडं का मोडतायत? रिपोर्टमधला फॉस्फरस बघा

प्रश्न थोडक्यात असा: थोरल्या भावाचं वय ४१. अडीच वर्षांपासून आधी टाचा, मग बरगड्या आणि आता जांघा दुखतात. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, चाल बदकासारखी डुलती झाली आहे. डी-३ च्या ६०,०००च्या पुड्यांचे चार कोर्स झाले. आता डी-३ ६२, कॅल्शियम ९.२, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाच्या दुखण्यात वाढणारं एन्झाइम) ३१०, फॉस्फरस १.४. एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह असूनही एकांनी संधिवात म्हटलं, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) पाहून दुसऱ्यांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगून वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं, आणि बोन स्कॅनमध्ये जागोजागी डाग दिसल्यावर कॅन्सर पसरल्याची शंका निघाली. हे नक्की काय आहे?

उत्तर:

तुम्ही दिलेल्या आकड्यांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा फॉस्फरसचा आहे, आणि नेमका तोच कुणी वाचलेला दिसत नाही. मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ असतो. १.४ म्हणजे फारच कमी.

हाड म्हणजे प्रथिनांची जाळी आणि तिच्यात भरलेला कॅल्शियम-फॉस्फेटचा चुना. फॉस्फरस नसेल तर कॅल्शियम आणि डी-३ कितीही ओता, जाळी कच्चीच राहते. यालाच ऑस्टिओमलेशिया म्हणतात, म्हणजे हाड मऊ पडणं. स्नायूंनाही फॉस्फरस लागतो, म्हणून मांड्यांतली ताकद जाते आणि चाल डुलते. अशा हाडाला ठिकठिकाणी अर्धवट भेगा पडतात: बरगड्या, पायाची लांब हाडं, ओटीपोटाखालचं हाड, खुब्याच्या मानेची आतली बाजू. एक्स-रेवर त्या हाडाच्या कडेला काटकोनात गेलेल्या फिकट पट्टीसारख्या दिसतात. बोन स्कॅनवर त्याच भेगा डागांसारख्या उमटतात आणि कॅन्सर पसरल्याचा भास होतो. डेक्सामध्ये घनता कमी येणं तर स्वाभाविकच आहे, कारण ते मशीन ठिसूळ हाड आणि मऊ हाड यांत फरक करत नाही.

म्हणून ते वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन तूर्त घेऊ देऊ नका. ते हाडाची झीज थांबवतं. इथे मुळात चुना भरतच नाहीये. तशात ते दिलं तर कॅल्शियम घसरू शकतं आणि दुखणं वाढू शकतं. डी-३ च्या पुड्याही थांबवा, ६२ पुरेसं आहे. जांघ दुखत असल्यामुळे दोन्ही खुब्यांचा एक्स-रे याच आठवड्यात काढा. भेग खुब्याच्या मानेच्या वरच्या-बाहेरच्या बाजूला असेल किंवा आरपार गेली असेल, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवा. हाडवैद्याकडे ओढून घेणं, मालिश, जमिनीवर मांडी घालून बसणं, सगळं बंद.

आता फॉस्फरस जातो कुठे, हे शोधायचं. त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही. सकाळी उपाशीपोटी, पहिली लघवी टाकून दुसरी लघवी घ्या आणि त्याच वेळी रक्त द्या. दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन करून घ्या. फॉस्फेटची पुडी किंवा सायरप चालू असेल तर डॉक्टरांना विचारून आधी काही दिवस बंद ठेवा. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर फॉस्फरस खोटा वाढून येतो, तसा शेरा असेल तर रक्त पुन्हा द्या.

हिशेब असा. समजा रक्तात फॉस्फरस १.४ आणि क्रिएटिनिन ०.७, लघवीत फॉस्फरस ४० आणि क्रिएटिनिन ८०. लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन: २८. रक्ताचा फॉस्फरस गुणिले लघवीचं क्रिएटिनिन: ११२. २८ भागिले ११२ म्हणजे ०.२५, ते १ मधून वजा केलं की ०.७५. याचा अर्थ मूत्रपिंड गाळलेल्या फॉस्फरसपैकी ७५ टक्केच परत घेतं. रक्तात इतका दुष्काळ असताना निरोगी मूत्रपिंडाने ८५ टक्क्यांच्या बरंच वर धरून ठेवायला हवं. या ०.७५ ला रक्तातल्या १.४ ने गुणलं की १.०५ येतं, हा आकडाही ढोबळमानाने २.५ च्या वर हवा. असा निकाल आला की गळती मूत्रपिंडातून आहे हे ठरलं. उलट लघवीत फॉस्फरस जवळजवळ नसेल, तर आहार, आतड्याचा आजार किंवा वर्षानुवर्षं घेतलेली ॲल्युमिनियमची ॲसिडिटीची औषधं यांच्याकडे बघायचं.

गळती ठरल्यावर आधी सोपी कारणं काढून टाका. भाऊ टेनोफोव्हिर किंवा ॲडेफोव्हिर घेतात का? हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या उपचारातली ही औषधं मूत्रपिंडाच्या नलिका खराब करू शकतात. मग रक्तातली साखर नॉर्मल असूनही लघवीत साखर दिसते, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि युरिक ॲसिड खाली असतं. शिरेतून लोहाचं इंजेक्शन, विशेषतः फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज, झालं होतं का तेही विचारा. त्यानेही फॉस्फरस घसरतो. लहानपणी पाय वाकलेले, उंची कमी, दातांना वारंवार पू, घरात आणखी कुणाला असंच, असं असेल तर आनुवंशिक प्रकार. चाळिशीच्या आसपास, धडधाकट माणसाला हे सुरू झालं आणि यातलं काहीच नसेल, तर माझा पहिला संशय एका छोट्या गाठीवर जाईल.

ही गाठ एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सोडते आणि ते मूत्रपिंडाला फॉस्फरस फेकून द्यायला लावतं. गाठ बहुतेकदा साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली असते, सावकाश वाढते, कधी वाटाण्याएवढीच असते. म्हणून डॉक्टरांना अख्खं शरीर तपासायला सांगा: हिरड्या, टाळू, नाक, मांड्या, गुडघ्यामागची खोबण, तळपाय, बोटांच्या बेचक्या. वर्षानुवर्षं एकच नाकपुडी बंद असणं किंवा तळव्यातली बिनदुखरी गाठ, असल्या गोष्टी रुग्ण आपणहून सांगत नाही.

एफजीएफ-२३ ची रक्ततपासणी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल (डी जीवनसत्त्वाचं थेट काम करणारं रूप) सुरू करण्याआधी करावी, कारण या औषधांनीही ते वाढतं. फॉस्फरस इतका कमी असताना ते 'नॉर्मल' आलं तरी समाधान मानू नका. अशा वेळी ते खाली असायला हवं.

गाठ शोधायला गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी (अशा गाठीला चिकटणारं किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन काढलेला स्कॅन) हा सगळ्यात चांगला स्कॅन, आणि इथेच हमखास चूक होते. पेट स्कॅन नेहमीच्या पद्धतीने कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच काढतात. ही गाठ तर बऱ्याचदा पायात किंवा चेहऱ्याच्या पोकळ्यांत असते. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच 'टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन्ही हात धरून' असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून न्या. कॅन्सरसाठी नेहमी होणारा साखरेचा पेट स्कॅन याला पर्याय नाही. डोटाटेटमध्ये भेगाही थोड्या उजळतात, त्यामुळे सापडलेल्या जागेचा एमआरआय करूनच पुढे जायचं. या आजाराचा अनुभव असलेले एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, गाठा. परळचं केईएम, वेल्लोरचं सीएमसी, दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय इथल्या विभागांनी अशा रुग्णांवर लिहिलेलं आहे.

गाठ सापडली की ती भोवतालच्या निरोगी कडेसकट पूर्ण काढणं हाच खरा इलाज. हाडातली गाठ नुसती खरवडली तर परत येण्याची भीती जास्त. पूर्ण निघाली तर फॉस्फरस काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत वर येतो. दुखणं काही आठवड्यांत हलकं होतं, हाड भरायला मात्र महिने लागतात, कधी वर्षही. सर्जनना एक विनंती करा: पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर 'फॉस्फरस कमी, ऑस्टिओमलेशिया' असं स्पष्ट लिहावं. तो संदर्भ नसेल तर ही गाठ दुसऱ्याच नावाने रिपोर्ट होते.

गाठ सापडेपर्यंत, किंवा काढता येत नसेल तर, फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल दोन्ही द्यावी लागतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १ ते २ ग्रॅम फॉस्फरस चार-पाच वेळा विभागून. एकदम दिलं तर जुलाब होतात, म्हणून थोड्यापासून चढवत न्यायचं. काही रुग्णालयांच्या औषधालयात जूलीज सोल्युशन नावाचं फॉस्फेटचं द्रावण बनवून मिळतं. त्याच्या १ मिलीत सुमारे ३० मिग्रॅ फॉस्फरस असतो, म्हणजे १ ग्रॅमला जवळपास ३३ मिली. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन्ही आतड्यात एकमेकांना बांधतात. नुसतं फॉस्फेट दिलं तर पीटीएच चढतं, म्हणून जोडीला कॅल्सिट्रायॉल, बहुतेकदा दिवसाला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम, कॅप्सूल ०.२५ ची असते. दर तीन महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, क्रिएटिनिन आणि लघवीतलं कॅल्शियम, वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी. फॉस्फरस नॉर्मल करण्याच्या हट्टापायी डोस वाढवत नेला तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. दुखणं कमी होणं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज उतरणं यावर डोस बेतायचा.

बुरोसुमॅब हे एफजीएफ-२३ ला थेट अडवणारं इंजेक्शन आहे. अमेरिकेत २०२० मध्ये या गाठीच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते अतिशय महाग आहे, त्यामुळे गाठ सापडत नसेल किंवा काढता येत नसेल तेव्हाच त्याचा विचार. पहिला स्कॅन कोरा आला तर धीर सोडू नका. औषधं चालू ठेवून काही काळाने स्कॅन पुन्हा करतात आणि तेव्हा गाठ सापडल्याची उदाहरणं आहेत. ऑपरेशन यशस्वी झालं तरी पुढची काही वर्षं सहा महिन्यांनी उपाशीपोटी फॉस्फरस तपासत राहा, कारण गाठ परतली तर बहुतेकदा दुखणं सुरू होण्याआधी तोच आकडा खाली येतो.