केक, ट्री आणि सांता बाजूला ठेवले तर कॅथलिक माणसाचा नाताळ नेमका काय असतो?

तुमच्या सोसायटीत डिसेंबर उजाडला की ट्री लागतो, केक कापला जातो आणि कॅथलिक शेजारीण मात्र म्हणते, "आमचा नाताळ अजून सुरूच नाही झाला." तिला काय म्हणायचं असेल, असं तुम्ही विचारलंय.

ती अगदी बरोबर बोलते आहे. मी वसईचा कॅथलिक, मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, ती लहानपणापासून मराठीत ऐकत आलोय. आमच्याकडे २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हा वाट बघण्याचा काळ. फादर जांभळी वस्त्रं घालतात, वेदीजवळच्या हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. आणि एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एरवी बहुतेक रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया, म्हणजे बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेली स्तुती, असते. या चार रविवारी ती गात नाहीत. २४ च्या रात्री मिस्सेत ती पुन्हा सुरू होते, घंटा वाजू लागतात आणि सगळं चर्च एका सुरात गातं. चार रविवार ती अडवून धरलेली असते, म्हणून त्या क्षणी अंगावर काटा येतो. डिसेंबरभर पार्ट्या करून झालेल्या माणसाला हे कसं कळणार?

याच दिवसांत पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांपाशी आपली पापं कबूल करायला, रांगा लागतात, शेजारच्या धर्मग्रामांतले, म्हणजे आसपासच्या चर्चचे, फादर मदतीला येतात. बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून तुटलेली नाती जोडायची हीच वेळ. भावाशी अबोला ठेवून गोठा बांधायला बसू नये, असं माझी आई म्हणायची, आणि मला ते केकपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

गोठा म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाणीत गवत घातलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि तिथेच नाताळची मिस्सा झाली. देव किती गरिबीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही घरी थोडे आधी वाडग्यात गहू पेरतो, त्याची कोवळी हिरवळ गोठ्यासमोर ठेवतो. मारिया, योसेफ, मेंढपाळ सगळे जागेवर असतात, गव्हाण तेवढी रिकामी. बाळ येशू २४ च्या रात्रीच येतो.

आता मूळ अर्थ. वर्षभर मिस्सेत आपली श्रद्धा मोठ्याने म्हणताना "तो मानव झाला" या शब्दांपाशी आम्ही मान लववतो. नाताळला मात्र त्याच शब्दांपाशी सगळे गुडघे टेकतात: म्हातारे, नव्या कपड्यांतली मुलं, मागे उभी असलेली तरुण पोरंसुद्धा. देवाने शरीर घेतलं, तेही उतारशाळेत जागा न मिळालेल्या बाईच्या पोटी, आणि बातमी पहिल्यांदा पोचली ती रात्री शेतात राखण करणाऱ्या मेंढपाळांना. मी हे शब्दशः खरं मानतो. आणि ते खरं असेल तर दारात आलेल्या माणसाला जागा नाही म्हणणं मला परवडणारं नाही. म्हणून आमच्या घरी करंज्या आणि फुगे (पिठाचे तळलेले गोल गोळे) तळले की पहिलं ताट ज्यांच्याकडे त्या वर्षी मयत झालीय त्यांच्याकडे जातं, कारण त्यांनी गोडधोड केलेलं नसतं.

२५ ला नाताळ संपतही नाही. २८ तारखेला हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण येतो, जानेवारीत बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा, आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालतो. तुमची शेजारीण ट्री एवढ्यात काढणार नाही, ते यामुळेच.

जमलं तर यंदा २४ च्या रात्री तिच्यासोबत मिस्सेला जा. कोणी अडवत नाही. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, फक्त कॅथलिक घेतात, तेव्हा जागेवर बसून राहिलात तरी चालतं. थोडं लवकर निघा, त्या रात्री चर्चमध्ये बसायला जागा मिळणं कठीण असतं.